बिनटाक्याची बातमी

जामसंडे, ता. देवगड
२ डिसेंबर २०२४

चि. गुरुप्रसाद यास सुभद्राताईचे अ. उ. आ. वि. वि.

पाकीट बघून दचकला असशील. आपल्याकडे हल्ली पाकिटातून पत्र आलं की कोणीतरी गेलं, असंच धरतात. मी आहे. किती ठणठणीत आहे ते बघायचं असेल तर जामसंड्याच्या तिठ्यावर ये आणि विजेच्या खांबाकडे मान वर कर. आठ फूट बाय सहा फूट, रंगीत, हसरी.

गेल्या महिन्यात माझं ऑपरेशन झालं हे तुला माहीत आहे. कसलं, ते मी तुला सांगितलं नव्हतं. बायकांचं काहीतरी, एवढंच तुझ्या राधाला बोलले होते. बहीणभावांत काही गोष्टी न बोलता राहाव्यात असं आईने शिकवलं होतं. गावाबाहेरच्या कातळी सड्यावरच्या नव्या हॉस्पिटलने मात्र मला त्या संकोचातून कायमचं मुक्त केलंय. फ्लेक्सवरचा मजकूर जसाच्या तसा देते. श्रीमती सुभद्रा हिंदळेकर, वय ६३, निवृत्त मुख्याध्यापिका. आठ वर्षे अंग बाहेर येण्याचा त्रास. आमच्याकडे बिनटाक्याची शस्त्रक्रिया यशस्वी. आता सुभद्राताई शिंकतात निर्धास्त!

मी जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळे पहिला राग त्या वाक्याच्या शेवटी आलेल्या क्रियाविशेषणाचा आला. बाकीचा राग घरी येऊन, दार लावल्यावर आला.

फोटो तिसऱ्या दिवशीचा आहे. नर्सने सांगितलं, बाई, हसा. डॉक्टर जितेंद्रनी हातात गुच्छ दिला. मला वाटलं, केवढी माया! फोटो काढून झाल्यावर गुच्छ परत घेतला, पलीकडच्या खाटेवरच्या बाईसाठी.

मला ही बातमी दिली जानकीने. तुला आठवत नसेल, वीस वर्षं एक दिवसाआड मागच्या दारी मासळीची पाटी उतरवते ती. म्हणाली, बाईनु, तुमचो फोटो बरो इलो हा. खालचा लिवलेला माका वाचूक येना नाय, चेडवान वाचून दाखवल्यान. मुलीकडून वाचून घेतलं एवढं सांगून ती पाटीत बघत राहिली आणि दोन बांगडे जास्तीचे टाकून निघून गेली. गावात माझ्याशी इतकं सभ्य आजवर दुसरं कोणी वागलेलं नाही. बँकेत माझ्या हाताखाली शिकलेला मॅनेजर माझ्याशी बोलताना सारखा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो. काल रेशन दुकानात मला शिंक आली. रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. जाहिरात खरी की खोटी ते ताडून बघत होते, आणि समाधानाने पुढे वळले.

नातेवाइकांच्या ग्रुपवरही तो फोटो फिरतोय. चौऱ्याऐंशी माणसं, त्यांतल्या साठांनी हात जोडले, माझ्या सुनेने लाल बदाम टाकला. मी ग्रुप सोडला आणि फोन कपाटात ठेवला. या जिल्ह्यात न उघडता पोचतं असं एकच साधन मला उरलेलं दिसतं, शंकर पोस्टमनची पिशवी. म्हणून हे पत्र.

तक्रार कर असं लिहू नकोस. माझ्या खाजगी दुखण्याची जाहिरात झाली अशी तक्रार केली की त्या तक्रारीचीही बातमी येणार, दुखण्यासकट.

कळावे. लोभ आहेच, तो ग्रुपवर न टाकता वाढवावा.
तुझी सुभद्राताई


सावंतवाडी
११ डिसेंबर २०२४

ती. स्व. ताईस गुरुप्रसादचे सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा राग आला, तिसऱ्यांदा घाम फुटला. घामाचं कारण आधी सांगून टाकतो.

ग्रुपवर तो फोटो मी टाकला. हॉस्पिटलच्या फेसबुकवर तू दिसलीस, हातात गुच्छ, बाजूला डॉक्टर. मला वाटलं, तुझा सत्कार झाला. वर लिहिलं, आमच्या ताईचा अभिमान वाटतो, आणि पाठवून दिला. खालचं वाचलंच नाही. एकतीस वर्षं सावंतवाडीच्या कोर्टात मी खालचं वाचण्याचाच पगार घेतला, आणि निवृत्त झाल्यावर पहिला मोठा कागद हातात आला तो बहिणीचा, तर फक्त चित्र बघितलं. तू कपाटातून फोन काढून मला शिव्या घालाव्यास म्हणून दोन दिवस वाट पाहिली. तू घातल्या नाहीस, ते जास्त लागलं.

फोटो मी काढून टाकला आहे. म्हणजे माझ्याकडून. बाकीच्यांकडून तो कसा काढायचा, हे आपल्या भाच्याला, त्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मामा, ते आता निघत नाही. इतकं शांतपणे म्हणाला की मला तो डॉक्टरच वाटला.

तक्रारीचं म्हणशील तर पेशंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करू नये असा डॉक्टरांना नियम आहे, हे तुझ्या धाकट्या भावाला नक्की माहीत आहे. अर्जाचा मसुदा सोबत जोडतो. पाचच पानं आहेत. तू तो देणार नाहीस हेही मला माहीत आहे, पण अर्ज लिहिल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. एकच विचारतो, ऑपरेशनच्या आधी तू कसल्या कागदावर सही केली होतीस का? त्यांचे वकील तिथेच बोट ठेवतील.

राधा तुझी चौकशी करते. तिने तुझं पत्र वाचलं आणि मला चहा दिला नाही. हे पत्र मी स्वतः चहा करून लिहितो आहे, तेव्हा अक्षर जरा वाकडं आलं असेल.

कळावे. लोभ कमी झाला असल्यास तो रीतसर आहे, माझी हरकत नाही.
तुझा गुरू


जामसंडे
२० डिसेंबर २०२४

चि. गुरू यास अ. उ. आ.

फोटो तू टाकलास हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वर तुझं नाव येतं रे, शहाण्या. तू आपणहून सांगतोस का, एवढंच बघत होते. सांगितलंस. चल, मिटलं. राधाला सांग, चहा देत जा.

तुझा अर्ज मी कपाटात फोनच्या शेजारी ठेवला होता. पण परवा असं झालं की मला हॉस्पिटलात जावंच लागलं.

जानकी पाटी उतरवून उंबऱ्यावर बसली ती उठेचना. मांजराला हाकललं, पदर सारखा केला, आणि मग खाली बघत म्हणाली, छातयेत गाठ आसा, सा म्हयने झाले. दुखणा नाय, पण वाढता. मी म्हटलं, अगं मग दाखवलीस का नाही, हॉस्पिटल तर इथे सड्यावर आहे. तर म्हणाली, माका त्या खांबार चढूचा नाय. तुमचो फोटो तोंडाचो तरी घातल्यानी, माजो कसलो घालतले?

बोलून तिने डोळ्यांना पदर लावला. तिचा नवरा गेला तेव्हा सुद्धा ती रडली नव्हती. तिची मुलगी लग्नाची आहे. माझ्या एका हसऱ्या फोटोमुळे ही बाई गाठ घेऊन बाजारात बसते आहे.

मग गेले. काउंटरवर दिव्या. माझीच विद्यार्थिनी. स्पष्ट उच्चाराचं बक्षीस सातवीत मीच तिला दिलं होतं, आणि ते तिने सार्थकी लावलंय. मूळव्याध, आत या, असं ती ओरडली. बाकावरचे तिघं एकमेकांकडे बघत राहिले, कोणी उठेना. तेव्हा तिने त्यांतल्या एका गृहस्थांचं नाव, वाडी आणि वडिलांचं नाव घेऊन पुन्हा बोलावलं. ते आत जाईपर्यंत आम्ही सगळ्यांनी त्यांना डोळ्यांनी पोचवलं.

डॉक्टर जितेंद्र उभे राहिले, पाया पडले. माणूस लाघवी आहे. ऑपरेशनही चांगलं करतो, खोटं का बोलू, आठ वर्षांनी मी सुखाने चालते आहे. मी म्हटलं, तो फ्लेक्स उतरवा. त्यांना खरोखर कळेना. म्हणाले, बाई, आम्ही तर तुमचं कौतुक केलं. मग फाईल काढली. नववं पान, इंग्रजी, बारीक टाईप, तळाला माझी सही. सकाळी साडेसहाला, उपाशीपोटी, सलाईन लावलेल्या हाताने केलेली. नर्सने सांगितलं होतं, इथे, इथे आणि इथे. मी आज्ञाधारक मुलीसारखी तिन्ही ठिकाणी सह्या करून टाकल्या. जन्मभर पोरांना बजावत आले की वाचल्याशिवाय सही करू नका.

फ्लेक्स जानेवारीअखेर उतरेल, तोवरचं भाडं भरलंय म्हणाले. वर मला आमंत्रण दिलं. एकोणीस जानेवारीला महिलांचं मोफत तपासणी शिबिर आहे, तुम्ही व्यासपीठावर बसा आणि आपला अनुभव सांगा. मी म्हटलं, नक्की येते. असा अनुभव सांगायची संधी कोण सोडेल.

जानकीचं हे तुझ्या-माझ्यात. पाकिटाला डिंक दोनदा लावला आहे.

कळावे. लोभाची मुदत वाढवून दिली आहे.
तुझी ताई


सावंतवाडी
३० डिसेंबर २०२४

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

नववं पान! मी म्हटलं नव्हतं? पण असो, यापुढे त्यावर बोलणार नाही, निदान या पत्रात.

एक चांगली बातमी देतो. तुझ्या जानकीचं वाचून राधाला रात्रभर चैन पडलं नाही. तिच्या मावशीला असंच झालं होतं, उशीर केला आणि गेली. सकाळी उठून तिने स्वतः होऊन जामसंड्याला आपल्या मामेबहिणीला, दीपिकाला फोन केला. दीपिकाचा बचत गटात वट आहे, चार बायकांनी मिळून समजावलं तर ती कोळीण ऐकेल, असं राधाचं म्हणणं. दीपिकाने लगेच मनावर घेतलं म्हणे. मला वाटलं, तू एकटी किती करशील. आता तुझ्या पाठीशी अख्खा गट आहे.

बाकी इकडे मोती तलावावर संध्याकाळी चांगलं गार वाटतं. गुडघा बरा आहे. कोणता गुडघा ते लिहीत नाही, हल्ली जपून असतो.

कळावे. लोभाबद्दल आभारी.
तुझा गुरू


जामसंडे
९ जानेवारी २०२५

गुरू,

आशीर्वाद धरून चाल.

अख्खा गट माझ्या पाठीशी आहे, असं लिहिलंस. तो जानकीच्या पाठीशी लागला. दीपिकाने बचत गटाच्या बैठकीत, हप्ते गोळा करून झाल्यावर, अत्यंत कळवळ्याने विषय काढला. नाव घेतलं नाही म्हणते. बाजारात मासळी विकणारी, विधवा, मुलगी लग्नाची, एवढंच बोलली. मग कोणीतरी नाव घेतलं आणि सगळ्यांनी हळहळ केली. दुसऱ्या दिवशी तिघीजणी जानकीच्या घरी समजावायला गेल्या. एकीने दारातूनच विचारलं, गाठ उजवीकडे की डावीकडे.

चार दिवस जानकी माझ्या दारी आली नाही. पाचव्या दिवशी आली ती पाटी न घेता. अंगणातच उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, बाईनु, त्या डाक्टरान पैशे मिळवूक बोर्ड लावल्यान. तुमी फुकट लावलास.

मी सांगायला गेले की मी फक्त भावाला लिहिलं होतं. बोलताना माझं मलाच ऐकू आलं. तूही फक्त नातेवाइकांना पाठवलं होतंस. राधानेही फक्त बहिणीला सांगितलं. दीपिकानेही फक्त गटात. डॉक्टरांनी सुद्धा फक्त तिठ्यावर लावलं रे, मुंबईत नाही.

हे राधाला रागाने लिहीत नाही, तिचा हेतू चांगला होता. डॉक्टरांचाही चांगलाच होता. पत्र मी लिहिलं. जानकीने एका माणसाला सांगितलं होतं, आणि ते माणूस मी होते. तुला पत्र लिहायला बसले तेव्हा तो खांबाचा प्रसंग सांगण्यासारखा वाटला, हे खरं कारण आहे. चांगलं वाक्य हाती लागलं की मला राहवत नाही.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिची मुलगी भक्ती दारात आडवी उभी राहिली, मग बाजूला झाली. मी जानकीची माफी मागितली. तिने माझ्यासमोर पाट ठेवला, पाणी दिलं, आणि म्हणाली, माफी मागलास ता बरा केलास, पण तेना माजी गिरायका परत येवची नाय. तीन घरांनी तिच्या हातची मासळी बंद केली आहे. कारण सांगत नाहीत. तिच्या पाटीकडे बघतात आणि पलीकडच्या कोळणीकडे वळतात. गाठ जणू मासळीतून पसरते. त्या तीन घरांतल्या दोघी माझ्या विद्यार्थिनी, शास्त्रात पहिल्या आलेल्या.

हॉस्पिटलचं नाव काढलं तर ती उठून आत गेली.

लोभाचं पुढच्या वेळी बघू.
सुभद्राताई


सावंतवाडी
१५ जानेवारी २०२५

वन्संस राधाबाईचा सा. न.

हे पत्र मी लिहिते आहे, ह्यांचं नव्हे. तुमचे भाऊ दोन दिवस तलावाला फेऱ्या मारताहेत.

वन्सं, मी तुमची पत्रं वाचते. तुमचे भाऊ ती टीव्हीवर ठेवतात, मी पुसताना उचलते आणि वाचते. लग्न झाल्यापासून वाचते. आजवर कधी कोणाचं वाईट झालं नव्हतं म्हणून ते वाईट आहे असं वाटलं नाही. मला मावशी आठवली आणि मी फोन उचलला. दीपिकाला परत फोन करून म्हटलं, तुझे शब्द मागे घे. ती म्हणाली, मी तर पाचजणींनाच सांगितलं. पाचजणींची नावं सांगताना दोन जास्तच निघाली.

यापुढे तुमचं पाकीट उघडणार नाही, असं लिहायला बसले होते. पण खोटं कशाला लिहू? उघडीन. म्हणून तुम्हीच त्यात दुसऱ्याचं काही लिहू नका.

संक्रांतीचे तिळगूळ वेगळे पाठवते आहे. जानकीला द्यावेत असं वाटतं, पण कोणी दिले ते सांगू नका.

लोभ मागायला तोंड नाही, तरी असू द्यावा.
तुमची राधा


जामसंडे
२७ जानेवारी २०२५

चि. गुरू आणि सौ. राधा यांस अ. उ. आ.

दोघांनाही एकत्र लिहिते, टीव्हीवर ठेवायची तसदी नको. राधा, तुझ्याइतकं खरं पत्र मला आजवर कोणी लिहिलं नव्हतं. तिळगूळ दिले. कोणाचे ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

शिबिर झालं. मंडप, नव्वद खुर्च्या, मोसंबीचं सरबत, आणि व्यासपीठावर मी. माझ्या पाठीमागे मीच, कारण तिठ्यावरच्या फ्लेक्सची धाकटी प्रत तिथे लावली होती. बायका आल्या नऊ. त्यांतल्या चार हॉस्पिटलच्याच, एक सरबतवाल्याची बायको, आणि एक आपल्या सासूचा रक्तदाब विचारायला आलेली. अकरा वाजता डॉक्टर माईकवरून म्हणाले, थोडी वाट पाहू. बारा वाजता माईक बंद केला.

मी काही केलं नाही हो. कोणाला येऊ नका म्हटलं नाही. सगळ्या बायका रोज तिठ्यावरून जातात, त्यांना वाचता येतं.

मग डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा पडला होता. म्हणाले, बाई, एवढं सगळं मोफत, तरी का येत नाहीत? मागासलेपण आहे, दुसरं काय. मी म्हटलं, असेल. मग मी सांगितलं की एक बाई सहा महिन्यांपासून मोठं दुखणं अंगावर काढते आहे आणि माझा फोटो खांबावर आहे तोवर ती तुमच्या दारात पाय ठेवणार नाही. कोण, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते सांगणार नाही, एवढं मी या महिन्यात शिकले आहे.

ते जरा वेळ पेपरवेट फिरवत राहिले. म्हणाले, मी समजू शकतो. आमच्या हिचं ऑपरेशन होतं तेव्हा मी तिला कोल्हापूरला नेलं होतं. इथे सगळी सोय होती, पण स्टाफ ओळखीचा, उगाच चर्चा होते, घरचं माणूस म्हटलं की...

आणि ते थांबले. पेपरवेटही थांबला. वर्गात एखाद्या पोराला आपल्याच तोंडून उत्तर सापडतं तेव्हा बाईंनी गप्प राहायचं असतं. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, बाई, मी काय करू?

गुरू, तुझा अर्ज माझ्या पर्समध्ये होता. पाच पानं. तो मी काढला नाही. मी त्यांना वही उघडायला लावली आणि शुद्धलेखन घातलं. फ्लेक्स आज, भाडं गेलं खड्ड्यात. फेसबुकवरचेही सगळे फोटो, माझा एकटीचा नव्हे. काउंटरवर नाव आणि आजार ओरडायचा नाही, नंबराची चिठ्ठी द्यायची. नववं पान मराठीत, वेगळ्या कागदावर, आणि नाही म्हटलं तरी ऑपरेशन तितकंच चांगलं होईल असं त्यावर छापायचं. तपासताना पडदा, आणि पडद्याच्या आत फक्त ज्याला पेशंट म्हणेल तोच. त्यांनी लिहून घेतलं. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, ते सोडून दिलं.

संध्याकाळी खांबावर शिडी लागली. मी बघायला गेले नाही, शंकर पोस्टमन सांगत आला. फ्लेक्स कोणीतरी मागून घेतला म्हणे, काजूच्या बिया वाळवायला.

दिव्या बिचारी आता नंबर पुकारते. अजून आवाज मोठाच आहे. पण सतरा नंबर म्हणजे काय दुखतं ते कोणाला कळत नाही.

जानकी अजून माझ्याकडे येत नाही. मी बाजारात तिच्या समोर जाऊन मासळी घेते, चारचौघांत, पैसे तिच्या हातात देऊन. ती देते. बोलत नाही.

कळावे. लोभ दोघांवर सारखाच.
तुमची ताई


सावंतवाडी
२० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. ताईस सा. न.

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. शुद्धलेखनाचा भाग आम्ही दोघांनी मोठ्याने वाचला. माझा अर्ज परत पाठव, पहिली चार पानं बरी जमली होती.

पण जानकीचं काय झालं? गेली का ती? गाठ कसली निघाली? राधा रोज विचारते. मी पण विचारतो, फक्त मी तसं दाखवत नाही. मामला अर्धवट ठेवून उठलं की मला झोप येत नाही. नीट काय ते कळव.

लोभाचा अर्जदार,
गुरू


जामसंडे
३ मार्च २०२५

चि. गुरू यास अ. उ. आ. वि. वि.

सांगते.

गेल्या महिन्याच्या दहा तारखेला सकाळी जानकी मागच्या दारी आली. पाटी नव्हती, चांगलं लुगडं होतं. म्हणाली, बोर्ड काढलो ह्या खरा मा? माका एकदा तो खांब दाखवा. मी चपला घातल्या. तिठ्यावर आम्ही दोघी मान वर करून उभ्या राहिलो, एसटीची वाट बघणारी माणसं आमच्याकडे बघत राहिली. तिने खांबाची चारी अंगं फिरून बघितली. मग म्हणाली, खांब मोकळो आसा. आता खंय जावचा ता सांगा.

रिक्षा केली. दिव्याने तिला नंबराची चिठ्ठी दिली, नाव कागदावर हळू लिहून घेतलं. मला बघून ती उठायला लागली, मी डोळ्यांनीच बस म्हटलं. नंबर आला. आम्ही दोघी उठलो. दारात नर्सने जानकीला विचारलं, सोबत कोणी हवं आहे का. जानकीने माझ्याकडे बघितलं, जरा विचार केला, आणि म्हणाली, बाईंका भायर बसवा.

मी सांगितलेला नियम, माझ्यावरच पहिला चालला. पाऊण तास बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं चित्र आहे, ते मला आता पाठ आहे. राग आला होता, कबूल करते. मी तिला आणलं, मी फ्लेक्स उतरवला, आणि मलाच बाहेर! मग हळूहळू वाटलं की मला एवढंच तर हवं होतं.

त्या दिवशी ती बाहेर आली आणि सरळ रिक्षाकडे चालू लागली. मी विचारलं नाही. तुला कल्पना नाही, न विचारायला किती कष्ट पडतात. पुढच्या आठवड्यात आणखी एकदा गेलो. त्यानंतर परवा, रिपोर्ट आणायला. येताना तिने रिक्षा अर्ध्या वाटेतच थांबवली. रिक्षावाला ओळखीचा होता. सड्यावर आम्ही उतरलो, तो गेला, आणि काजूच्या बागेच्या दगडी गडग्याला टेकून ती उभी राहिली. आजूबाजूला माणूस नव्हतं. तिने माझा हात धरला आणि रिपोर्टात काय आहे ते मला सांगितलं. आपणहून. दोन वाक्यांत. मग आम्ही जामसंड्यापर्यंत चालत आलो. वाटेत भक्तीच्या लग्नाचं बोललो, सौंदाळे मासे यंदा कमी आहेत ते बोललो.

आता तू विचारलं आहेस की गाठ कसली निघाली. मला माहीत आहे. राधालाही विचारायचं असेल, तिचं मन स्वच्छ आहे, तेही मला माहीत आहे. तुम्ही दोघं मला जगात सगळ्यांत जवळची माणसं आहात. आणि लिहायला इतकं काही आहे की आज पहिल्यांदाच मला वाटतंय, मी खरंच चांगलं लिहू शकले असते.

जानकी आज सकाळी बाजारात होती. पाटी भरलेली होती, भाव चढा होता, आणि घासाघीस करणाऱ्या एका बाईला तिने जे सुनावलं ते तिठ्यापर्यंत ऐकू गेलं. बंद झालेल्या तीन घरांतलं एक परत आलं आहे. हे सगळं रस्त्यावर दिसतं, म्हणून लिहिलं.

तुझा अर्ज सोबत परत पाठवते. शुद्धलेखन तपासलं आहे, लाल शाईने.

कळावे. एवढंच कळावे.

तुझी
सुभद्राताई